गवत उपटण्याचें बक्षीस

अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यांतील लास वेगास शहराची कीर्ति आमच्या वाचकांच्या कानीं असेल ती बहुधा जुगार आणि झगमगाट ह्यांपुरतीच. परंतु ह्या नांवाचा स्पॅनिश भाषेंतील अर्थ ‘कुरणें’ असा आहे. वर्षाकांठीं जेमतेम चार इंच पाऊस पडणाऱ्या त्या वाळवंटांत पूर्वीं जिवंत झरे होते. १९०५ सालीं तेथें गांव वसलें, विहिरी खोदल्या गेल्या, आणि १९६२ पर्यंत झरे आटले. आतां तेंच शहर नागरिकांस गवत उपटण्याबद्दल पैसे देत आहे!

शहराची भिस्त मुख्यतः कोलोरॅडो नदीवर. १९२८ च्या कायद्यान्वयें खालच्या खोऱ्यांतील पाण्यापैकीं कॅलिफोर्नियास ४४ लक्ष, ॲरिझोनास २८ लक्ष आणि नेव्हाडास अवघे ३ लक्ष एकर-फूट पाणी आलें. आज त्या ३ लक्षांवर वीस लाखांहून अधिक माणसें राहतात, आणि २००० पासून नदीस अवर्षणानें गांठलें आहे.

न्हाणीघरांतून व मोरींतून वाहणारें पाणी तेथें शुद्ध करून मीड सरोवरांत परत सोडतात. जितकें परत जाईल, तितकें अधिक उपसण्याची मुभा मिळते. म्हणून स्नानाची कोणास धास्ती नाहीं. हिरवळीवर शिंपडलेलें पाणी मात्र उन्हांत उडून जातें, तें पुन्हां हातीं लागत नाहीं. आमच्याकडे मोरीचें पाणी परसांतल्या अळवास व केळीस देणारी गृहिणी काटकसरी ठरते. तेथें त्याच कृत्यास मनाई आहे, कारण तितकें पाणी सरोवराच्या हिशेबांतून वजा होतें.

आरंभीं हिरवळ काढणारास चौरस फुटामागें ठराविक रक्कम देण्यांत येऊं लागली. पुढें नव्या घरांच्या दर्शनी अंगणांत हिरवळ करण्यास बंदी झाली. २०२१ च्या कायद्यानें तर, केवळ शोभेच्या हिरवळीस २०२६ अखेरनंतर नदीचें पाणी द्यावयाचें नाहीं, असें ठरविलें. लोकसंख्या वाढत असतांहि नदीच्या पाण्याचा खप २००२ च्या मानानें घटला, हें यश लहान नव्हे.

तथापि ह्या कायद्यांतून स्वतंत्र बंगल्यांच्या हिरवळी वगळल्या आहेत; भाडेकऱ्यांच्या इमारतींपुढील शोभेच्या हिरवळींवर मात्र गदा आली आहे. ही वांटणी आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. शिवाय हिरवळीचें पाणी तोडलें म्हणजे त्यावर पोसलेले जुने वृक्षहि सुकूं लागतात, आणि तेथें उन्हाळ्यांत पारा फॅरेनहाइटच्या ११० अंशांवर चढतो. गवत काढण्यापूर्वीं प्रत्येक वृक्षाच्या मुळाशीं ठिबक नळीची तजवीज झाली पाहिजे. त्यास हिरवळीच्या मानानें थोडेंच पाणी लागतें, आणि बंगला नसलेल्यांच्या मुलांस तेवढीच काय ती सावली असते.