ऑर्किडवरचे बिनबुलाये पाहुणे

गिफ्ट मिळालेलं फॅलेनॉप्सिस ऑर्किड खिडकीत मस्त दिसतंय ना? जरा पान उलटून बघा. पानाच्या बुडाशी कापसासारखं पांढरं काही दिसलं, पान चिकट लागलं किंवा कुंडीवर मुंग्यांची वर्दळ वाढली, तर समजा, पिठ्या ढेकूण आलेत! हे महाशय झाडाचा रस शोषतात आणि गोड चिकटा सोडतात. मुंग्या त्यासाठीच येतात.

घाबरून झाड फेकू नका. आधी ते बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इअरबड बुडवून एकेक कीड टिपून काढा. पानांची मागची बाजू, फुलांचा दांडा, काही सोडू नका. हे काम उन्हात नको, संध्याकाळीच. पानांच्या मधोमध ओल राहू देऊ नका. तिथूनच झाड कुजतं.

झाड चकाचक दिसलं की आपण खूश, आणि गंमत इथेच होते. कापसाच्या त्या पुंजक्यांत शेकडो अंडी असतात. म्हणून दर आठवड्याला हेच, किमान महिनाभर. मुळांवरही पांढरं दिसलं, तर कुंडीतले सालीचे जुने तुकडे टाकून नवे भरा.

रविवारची दहा मिनिटं. झाड वाचलं, तर बहर पुन्हा येतो!