धूर विकत घेताना...

"अगं, चुलीच्या धुरातून सुटावं म्हणून मी गॅससाठी नंबर लावून बसले होते. आणि तू पैसे देऊन धूर आणणार घरात?"

आईचा हा डायलॉग आला तेव्हा माझ्या लॅपटॉपवर इलेक्ट्रिक स्मोकरचा फोटो उघडा होता. काळा, चकचकीत, छोट्या फ्रिजसारखा. पुण्यात एका मित्राच्या टेरेसवर स्मोक्ड चिकन खाल्लं आणि डोक्यात किडाच शिरला... बॉस, हे आपल्याकडे पाहिजे! फरक एवढाच, की त्याचं टेरेस बाराव्या मजल्यावर आणि आमचं घर सोलापुरात, शुक्रवार पेठेत. आमची गच्ची जिथे संपते तिथेच शेजारच्या काकूंची सुरू होते. मधे कमरेएवढा कठडा. त्यात आईला दमा.

त्यामुळे वॅट, लिटर, ब्लूटूथ वगैरे सगळं बाजूला ठेवून मी आधी एकच प्रश्न लिहून काढला. धूर कुठे जाणार?

इलेक्ट्रिक स्मोकर टेम्परेचर मस्त सांभाळतो, हे खरं. प्लग लावा, लाकडाच्या चिप्स टाका, झोपा. पण धूर त्यातूनही निघतोच. तो काही एसी नव्हे की हॉलमध्ये ठेवला. आणि कॉइल गेली तर सर्व्हिस कुठे? पेलेटवाल्यात लाकडाच्या गोळ्या संपल्या की पुढची ऑर्डर येईपर्यंत तो शोपीस. ऑफसेट, म्हणजे बाजूला वेगळी भट्टी असलेला, तासन् तास लाकूड घालत बसायला वेळ आणि शेत दोन्ही असणाऱ्यांसाठी. माझ्याकडे दोन्ही नाही.

मग जुगाड! ड्रमचा स्मोकर. भंगारवाल्याकडे पत्र्याचा दणकट ड्रम मिळाला, भावही परवडणारा. सहज विचारलं, "यात आधी काय होतं?"

"काय तरी रंगाचं केमिकल असंल की ओ मॅडम. धुऊन घ्या, काय हुत नाही!"

हे गाव चादरींचं आणि टॉवेलचं. रंगाचे ड्रम इथे असणारच. पण ज्यात काय होतं ते विकणाऱ्यालाच माहीत नाही, तो ड्रम कितीही जाळा, कितीही घासा, त्यात चिकन नको. गॅल्व्हनाइज्ड पत्राही नको, तापला की जस्ताची वाफ निघते. ड्रमच करायचा तर नवा, आतून रंग नसलेला किंवा खाण्याच्या तेलाचा घ्यावा. मी तो नाद सोडला.

शेवटी घेतला झाकणाचा केटल ग्रिल, 57 सेंटिमीटरचा. याची जन्मकथा मला फार आवडते. 1952 साली अमेरिकेत जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करायचा. तिथे पाण्यावर तरंगणाऱ्या बोयासाठी पत्र्याचे गोळे बनत. त्याने गोळ्याचे दोन भाग केले, खालच्याला पाय लावले, वरचा झाकण म्हणून वापरला. झाला ग्रिल! माझा काही ब्रँडेड नाही, पण फंडा तोच.

यात निखारे एका बाजूला, चिकन दुसऱ्या बाजूला, खाली पाण्याचं ताट. झाकणाची झडप चिकनच्या बरोबर वर आणायची, म्हणजे धूर मांसावरून फिरून बाहेर पडतो. खालच्या झडपेने हवा कमी-जास्त करत आतलं तापमान साधारण 110 ते 120 अंश सेल्सिअस ठेवायचं. जमतं, पण दोन-तीन प्रयोग वाया घालवायची तयारी ठेवा. झाकणावरच्या काट्यावर मात्र बिलकूल विश्वास नको. टोचायचा थर्मामीटर घ्या. चिकन आत 74 अंशांना पोचलं की शिजलं.

आता धुराचं. पांढरा, दाट धूर फोटोत भारी दिसतो, पण तो नीट न जळलेल्या लाकडाचा. त्याने मांस कडवट होतं आणि शेजारी भडकतात. हवा तो पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा. त्यासाठी लोणारी कोळसा आधी पूर्ण पेटू द्यायचा आणि मगच लाकडाचे दोन-तीन सुके तुकडे. आंबा चालतो, पेरू चालतो. आणि एक गंमत... टेक्सासमधले लोक ज्या मेस्कीट लाकडाचे गोडवे गातात ना, ते आपल्या वेडी बाभळीचं चुलत भावंड! जिल्ह्यात माळावर जी रग्गड उगवते, तीच. वास उग्र आहे, एकच तुकडा पुरे. द्राक्षबागेतल्या छाटणीच्या काड्या मला फुकट मिळत होत्या, पण वर्षभर फवारण्या झालेल्या. नको म्हटलं. प्लायवूड आणि पॅकिंगचे खोके तर अजिबात नाही.

मला वाटायचं, स्मोक केलं की मांस टिकतं. घरच्या स्मोकरमधलं नाही टिकत. ते ताजं शिजवलेलं चिकनच, उरलं तर लगेच फ्रिजमध्ये. टिकवण्यासाठीचा धूर ही नागालँडसारख्या दमट मुलखाची गोष्ट, तिथे डुकराचं मांस चुलीवर टांगून ठेवतात. आमच्याकडे त्या कामाला ऊन होतं. मांसाच्या पट्ट्या दोरीवर वाळवून चान्या करत. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या 2015 च्या पुस्तकात मराठवाड्यातलं हे जेवण सापडतं. आमच्या जिल्ह्याच्या हद्दीला लागूनच की!

फ्लॅटवाल्यांनो, तुमच्याकडे गच्ची नसेल तर स्मोकर घेऊच नका, प्लीज. बंद बाल्कनीत किंवा खोलीत कोळसा पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि माणूस मरतो. त्यापेक्षा मटण नेहमीसारखं शिजवा, गॅस बंद करा, वाटीत एक निखारा, त्यावर चमचाभर तूप आणि पाच मिनिटं झाकण. खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट चालू. सत्तर टक्के मजा यात येते, खोटं नाही सांगत.

आईचा प्रश्न मात्र झडप फिरवून सुटणारा नव्हता. निळसर असला तरी दम्याला तो धूरच. म्हणून ठरलं, ती मावशीकडे जाईल त्याच दिवशी केटल पेटणार. वारा जिन्याकडे असेल तर कॅन्सल. सकाळी तिची छाती भरलेली असेल तरी कॅन्सल. दोनदा मॅरिनेट केलेलं चिकन मुकाट्याने कुकरमध्ये गेलं.

तिसऱ्या रविवारी जमलं. लेग पीस, दीड-पावणेदोन तास, शेवटी दहा मिनिटं थेट निखाऱ्यावर, कारण मंद आचेवर कातडी रबरासारखी राहते. संध्याकाळी आई आली. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि चिकन. तिने एक घास खाल्ला, थांबली. "आमच्या आईच्या चुलीचा वास येतोय," म्हणाली. मग म्हणाली, "मीठ कमी आहे."

काकूंना कठड्यावरून प्लेट दिली. त्यांनी ती घेतली, आणि लगेच सांगून टाकलं, "पुढच्या रविवारी आमच्या कुरडया आहेत गच्चीवर. तुझं ते शनिवारी कर."