मोसंबीच्या मापाचं टोपडं

‘शनिवारी पिक्चरला येतेस?’ असा मेसेज आला की मी हल्ली चक्क थाप मारते. खरं कारण सांगितलं की ग्रुप हसतो : मी झबली शिवत बसलेली असते! एका रुग्णालयातल्या, दिवस भरण्याआधीच आलेल्या बाळांसाठी.

कापड आजीच्या सुती साडीचं. (नवं कितीही गोड दिसो, बोचतं.) बटणं नाहीत, बंद. शिवण बाहेरच्या अंगाला, म्हणजे घासत नाही. आणि पुढून उघडं, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवता येतं. ‘कांगारू केअर’ म्हणतात ती हीच, १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात सुरू झालेली.

पहिली दहा झबली पाहून सिस्टर म्हणाल्या, ‘‘अगं, ही तीन किलोच्या बाळाची. आमची किलो-दीड किलोची असतात.’’ सगळी उसवून पुन्हा बेतली.

गेल्या महिन्यात त्यांनीच हळूच विचारलं, ‘‘एक टोपडं देशील उद्या? मोसंबीएवढं डोकं धर. आईला आठवण म्हणून न्यायचंय. बाळ नाही जाणार घरी.’’

त्या रात्री मशीन लावलंच नाही. साडीचा काठ लावून हातानेच शिवलं. पहाटे फ्रीजमधल्या मोसंबीवर घालून पाहिलं. बसलं.