बेकी हॅमन आणि एनबीएची रिकामी खुर्ची

बेकी हॅमनला १९९९ साली डब्ल्यूएनबीएच्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही. तरी न्यूयॉर्क आणि सॅन अँटोनियोकडून ती तब्बल १६ हंगाम खेळली. २०१४ मध्ये निवृत्त झाली आणि लगेच पुरुषांच्या सॅन अँटोनियो स्पर्स संघाची सहायक प्रशिक्षक झाली. पगारी, पूर्णवेळ, एनबीएत हे पहिल्यांदाच घडत होतं.

पण मुख्य प्रशिक्षकपद? एकाही एनबीए संघाने दिलं नाही. शेवटी २०२२ ला महिलांच्या लास वेगास एसेसने संघ तिच्या हाती सोपवला. पहिल्याच वर्षी विजेतेपद! पुन्हा २०२३, पुन्हा २०२५.

आता अनुभवाची सबब पुरे. मालकांनो, थोडी हिंमत दाखवा की! तुम्हाला काय वाटतं मित्रांनो?