तोतरेपणाला भित्रेपणा म्हणू नका

"लहानपणी कशाला तरी दचकला असेल." धुळ्याच्या देवपुरात तोतऱ्या पोऱ्याविषयी विचारलं की बहुधा हेच पहिलं उत्तर मिळतं. मागोमाग बाकीची येतात. वडिलांचा धाक फार, शेजारच्याची नक्कल करत होता, जीभ जड आहे, घरात अहिराणी आणि शाळेत मराठी म्हणून गोंधळला. शिकल्यासवरल्या घरांत यालाच 'आत्मविश्वास कमी' म्हणतात. शब्द बदलले तरी आरोप तोच: मूल घाबरट आहे, जरा धीर धरला तर नीट बोलेल. हा आरोप चुकीचा आहे आणि तो ज्याच्यावर होतो त्याला बोलून खोडताही येत नाही, म्हणून तो इथे खोडायला हवा.

आधी जीभ. बर्लिनचा नामांकित शल्यवैद्य डीफेनबाख याने 1841 साली तोतऱ्या माणसांच्या जिभेतून पाचरीसारखा तुकडा कापून काढायला सुरुवात केली. रक्त सांडलं, तोतरेपणा राहिला. जीभ जड असती तर ती गाण्यातही जडच राहिली असती. वेखंड उगाळून चाटवल्याने किंवा नवसाने गुण आला, असं छातीठोक सांगणारी घरं मात्र खोटं बोलत नाहीत. तोतरं बोलू लागलेल्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलं काही वर्षांत आपोआप सुधारतात, आणि त्याचं श्रेय त्या काळात जो उपाय चालू असेल त्याला जातं. उरलेल्यांच्या वाट्याला मात्र "याच्यावर कशाचाच गुण येत नाही" हा शिक्का येतो.

आता धाक आणि शाळा. पांझरेकाठी एकवीरा देवीला जावळासाठी मुलं ज्या वयात आणतात, जवळपास त्याच वयात, म्हणजे दुसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या दरम्यान, बहुतेकांचा तोतरेपणा सुरू होतो. तेव्हा मूल वाक्यं जुळवू लागलेलं असतं. मास्तरांची छडी आणि तोंडी परीक्षा अजून दूर असते. अहिराणीला दोष देणं तर निव्वळ अन्याय आहे. एकच भाषा बोलणाऱ्या घरांतही तोतरी मुलं आहेत, आणि दोन-दोन, तीन-तीन भाषा बोलणारी खानदेशातली लाखो मुलं अस्खलित बोलतात. आजीची बोली मुलाच्या तोंडून काढून घेतल्याने त्याचा तोतरेपणा जात नाही, आजी तेवढी दुरावते.

"तोतरा म्हणून हिणवल्यानेच मूल तोतरं होतं" या मताला एके काळी विद्यापीठांतही मान होता. अमेरिकेतल्या आयोवाचे वेंडेल जॉन्सन त्याचे पुरस्कर्ते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने 1939 साली डेव्हनपोर्टच्या अनाथालयातल्या 22 मुलांवर प्रयोग केला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना, तुम्ही तोतरं बोलता, असं महिनोन्महिने सांगितलं गेलं. पुढे त्या नोंदी पुन्हा तपासल्यावर दिसलं, की हिणवण्याने तोतरेपणा निर्माण झालाच नव्हता. मुलं गप्प झाली, लाजरी झाली, वर्गात बोलेनाशी झाली. 2007 साली आयोवा राज्याने तडजोडीत सव्वानऊ लाख डॉलर भरपाई मान्य केली. भीती तोतरेपणाची आई नाही, लेक आहे, हे त्या दुर्दैवी मुलांनी दाखवून दिलं.

मग मूळ कुठे? बोलताना ओठ, जीभ, कंठ आणि श्वास यांना सेकंदाच्या बारीक अंशात, क्रमाने हुकूम द्यावे लागतात. डाव्या मेंदूतल्या भाषेच्या आणि हालचालीच्या भागांना जोडणारे पांढऱ्या द्रव्याचे तंतू, आणि मेंदूच्या आत खोलवर असलेला, 'आता पुढचा आवाज' अशी इशारत देणारा बेसल गँगलियाचा भाग, या दोन्ही ठिकाणी तोतरं बोलणाऱ्यांत फरक आढळले आहेत. पक्षाघातानंतर अचानक तोतरं बोलू लागलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या इजा वेगवेगळ्या जागी असल्या तरी त्या एकाच जाळ्यात येतात, आणि त्या जाळ्याच्या मध्यावर बेसल गँगलियातला डावा पुटामेन आहे, असं 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. (प्रौढ माणूस एकाएकी अडखळू लागला, तर नवस न बोलता थेट रुग्णालय गाठावं.)

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की वर्षानुवर्षं अडखळल्यामुळेच मेंदू तसा घडला नसेल कशावरून? प्रौढांपुरतं पाहिलं तर ही शंका रास्त आहे. पण तीन-चार वर्षांच्या मुलांच्या तपासणीतही तंतूंतले फरक दिसले आहेत. शिवाय आनुवंशिकता आहे. 2010 साली ड्रेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबापासून सुरुवात करून जीएनपीटीएबी या जनुकातला बिघाड दाखवला. तोच बिघाड घातलेल्या उंदरांच्या पिल्लांच्या आवाजात लांब खंड पडले. हे जनुक थोड्याच लोकांचा उलगडा करतं, हे मान्य. बाकीच्यांत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. पण आई रागावली म्हणून जनुक बदलत नाही.

दुसरा आक्षेप घरोघर ऐकू येतो. आरतीत, पाढ्यांत, गाण्यात हा अडखळत नाही, मग मेंदू कसा बिघडलेला? खरं तर मेंदूच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. आरतीला ताल बाहेरून मिळतो, झांजेतून, सोबतच्या आवाजांतून. एकट्याने बोलताना तो ताल आतून उभा करावा लागतो आणि कमजोर असते ती नेमकी ही आतली यंत्रणा. आत्मविश्वास कमी असता तर शंभर माणसांपुढच्या आरतीतच त्याची वाचा बसली असती.

मेंदूचं नाव निघालं की हात टेकणारेही असतात. तेही चुकतात. वाढत्या वयातला मेंदू बदलतो, आणि शाळेआधीच्या वयात आईवडिलांना हाताशी धरून केलेल्या लिडकोमसारख्या उपचाराचा फायदा सिद्ध झालेला आहे. मोठेपणी तोतरेपणा पूर्ण जाईलच असं नाही, पण बोलण्यातली झटापट आणि भीती पुष्कळ कमी होते. त्यासाठी एमआरआय काढण्याची गरज नाही. एका मुलाच्या मेंदूचा फोटो बघून निदान करता येत नाही, ते वाचाउपचारतज्ज्ञ ऐकून करतात.

कारणाचा हा वाद पोथीतला नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणांवर उभी आहे. तिथे स्वरयंत्र काढणे आणि वाचाघात ही उदाहरणं आहेत, तोतरेपणाचं नाव नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत भाषाविकासातला विलंब आहे, तोतरेपणा वेगळा नाही. तो स्वभावदोष मानला जातो तोवर या याद्यांत त्याच्यासाठी कोणी भांडणार नाही. तोपर्यंत देवपुरातल्या आईबापांनी एवढं करावं: घराण्यात कुणी तोतरं असेल किंवा मुलाचं अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं असेल, तर वाट न पाहता वाचाउपचारतज्ज्ञांकडे जावं. आणि शिक्षकांनी प्रकट वाचनाच्या तासाला त्या मुलासोबत दुसरं एक मूल उभं करावं, दोघांनी मिळून वाचावं.