पंपाला किती हे विचारता, मग पाण्यात किती हेही विचारा

जळगाव-धुळ्याकडे कृषी केंद्रातून फवारणीचे औषध घेताना शेतकरी एक प्रश्न हमखास विचारतो, ‘पंपाला किती?’ पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली, म्हणजे लिटरला दोन मिली. कमी पडले तर कीड मरत नाही, जास्त झाले तर पीक करपते. किती पाण्यात किती पदार्थ, या हिशेबालाच शाळेच्या पुस्तकात द्रावणाची संहती म्हणतात. खान्देशात ती कोणाला शिकवावी लागत नाही. पिण्याच्या पाण्याबाबत मात्र हा प्रश्न आपण विचारत नाही. पाणी नितळ दिसले, गोड लागले की समाधान मानतो.

नायट्रेटच्या बाबतीत हे समाधान धोक्याचे आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चवही कळत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालानुसार महाराष्ट्रातील ३५ टक्क्यांहून अधिक नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले. देशातील सर्वाधिक काळजीच्या पंधरा जिल्ह्यांत जळगावचे नाव आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालते आणि या मर्यादेत सवलत नाही. एक लिटर पाणी म्हणजे दहा लाख मिलिग्रॅम. त्यात ४५ मिलिग्रॅम म्हणजे दहा लाख भागांत ४५ भाग. यालाच अहवालात ‘पीपीएम’ लिहितात.

‘आमचे वाडवडील याच विहिरीचे पाणी प्याले,’ असे अनेकजण सांगतात. विहीर तीच असेल, पण पाणी तेच राहिलेले नाही. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २०.७ किलो नायट्रोजन असतो. त्या सगळ्याचे नायट्रेट झाले तर ते ९० किलोंच्या वर जाते. स्वच्छ पाण्याला ४५ च्या मर्यादेपर्यंत न्यायचे तर एवढे नायट्रेट २० लाख लिटर पाण्याला पुरेल, म्हणजे दहा हजार लिटरच्या दोनशे टँकरना. अर्थात, सगळे खत विहिरीत उतरत नाही. बरेचसे पीक उचलते, काही हवेत जाते. पण रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात काय किंवा शिरपूरच्या बागायतीत काय, पिकाच्या गरजेपेक्षा जास्त दिलेले खत जास्तीच्या पाण्याबरोबर खाली झिरपते. विहिरीजवळचे उकिरडे, गोठे आणि शौचालयाचे शोषखड्डे त्यात भर घालतात.

याची सर्वांत मोठी झळ सहा महिन्यांच्या आतील बाळांना बसते. बाळाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवते. ओठ, नखे निळसर पडतात. १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवाचे डॉक्टर हंटर कॉमली यांनी शेतावरच्या विहिरींचे पाणी आणि बाळांचा हा आजार यांतील संबंध पहिल्यांदा मांडला. ज्या बाळांना वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले जाते, त्यांना धोका जास्त. सहा महिने फक्त आईचे दूध, हा सल्ला इथे दुप्पट मोलाचा आहे. बाळ निळसर दिसले तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

‘आम्ही पाणी उकळून देतो’ हे उत्तरही इथे चालत नाही. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असलेले एक लिटर पाणी आटून अर्धा लिटर झाले, तर तेच ४५ मिलिग्रॅम आता अर्ध्या लिटरमध्ये असतात. म्हणजे संहती लिटरला ९० वर गेली. बासुंदी आटवली की गोडी वाढते, तसेच हे.

दुसरी फसगत टीडीएस मीटरची. जारवाले आणि फिल्टर विकणारे पाण्यात मीटर बुडवून आकडा दाखवतात. ते मीटर पाण्यातून वीज किती वाहते हे मोजून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज सांगते. त्यात नायट्रेट किती, हे ते सांगूच शकत नाही. टीडीएस ३५० आणि नायट्रेट ८० असे पाणी मीटरवर उत्तम ठरेल आणि बाळाला मात्र घातक असेल.

तिसरी गफलत प्रयोगशाळेच्या कागदावर होते. काही अहवालांत ‘नायट्रेट’ असते, काहींत ‘नायट्रेट-नायट्रोजन’. दुसऱ्या पद्धतीत फक्त नायट्रोजनचे वजन धरतात. त्यामुळे ४५ नायट्रेट तिथे जेमतेम १० दिसते. अशा कागदावर १५ आकडा पाहून सरपंच निश्चिंत होतील, पण प्रत्यक्षात ते सुमारे ६६ नायट्रेट आहे. म्हणून नुसता आकडा पुरत नाही. तो कशाचा, कोणत्या एककात आणि मर्यादा किती, या तिन्ही गोष्टी शेजारी हव्यात.

माझे म्हणणे एवढेच आहे की, पाणी तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीच्या कपाटात न ठेवता फलकावर लावावा आणि त्याखाली साध्या मराठीत एक वाक्य लिहावे, ‘हे पाणी तान्ह्या बाळाला देऊ नये’ किंवा ‘देण्यास हरकत नाही’. जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. संचातील रंग जुळवून मिळणारा आकडा अंदाजाचा असतो. तो मर्यादेच्या आसपास आला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर, अशी वर्षातून दोनदा व्हावी. नायट्रेट जास्त निघाले तर बाळासाठी आणि गरोदर बाईसाठी पाण्याचा दुसरा स्रोत किंवा चालू स्थितीतील आरओ यंत्र हवे. आणि केळीला खत देताना माती परीक्षणाप्रमाणे, ठिबकमधून थोडे थोडे द्यावे. त्यात पैसाही वाचतो.

येत्या ग्रामसभेत रस्ता आणि दिव्यांच्या विषयांबरोबर हा एक प्रश्न विचारा, ‘आपल्या विहिरीत लिटरला नायट्रेट किती?’