आधी निदान, मग सुटे भाग

मोटार पेट्रोल अधिक पिऊ लागली ही कैफियत घेऊन गॅरेजच्या दारात उभा राहणारा मालक बहुधा रिकाम्या हाताने येतो. किती पेट्रोल, किती अंतरात, कोणत्या रस्त्यावर, याचा एकही दाखला त्याच्यापाशी नसतो, ‘पूर्वी बरे ॲव्हरेज द्यायची’ एवढीच त्याची फिर्याद असते, आणि तेवढ्या भांडवलावर मिस्त्रीने प्लग, एअर फिल्टर, इंजेक्टरची सफाई आणि सरतेशेवटी एखादा महागडा सेन्सर असे एकामागून एक बदलत नेले, तर त्याचा सारा दोष मिस्त्रीच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही. आपल्याकडे बदललेल्या भागाचे पैसे मिळतात, दोष शोधण्याचे मिळत नाहीत. मग शोध घ्यावा कोणी, आणि कशासाठी?

वस्तुतः तपासाचा आरंभ मालकाच्याच अखत्यारीतला आहे. एकाच पंपावर नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, किलोमीटरचा आकडा टिपावा, नित्याप्रमाणे गाडी वापरावी, आणि पुन्हा तशीच टाकी भरताना जितके लिटर बसतील त्यांनी अंतरास भागावे. तीनचार वेळा असे केल्यावर जे मान निघेल तेच विश्वसनीय. समोरच्या काचेमागे झळकणारा आकडा हा गाडीच्या संगणकाचा अंदाज होय, जमाखर्च नव्हे. पंपाच्या मापाचाच संशय असेल तर तेथे ठेवलेल्या पाच लिटरच्या प्रमाणित मापात पेट्रोल मोजून मागण्याचा ग्राहकास हक्क आहे. मागे रांग ताटकळत असते म्हणून आपण तो बजावीत नाही, इतकेच.

हे मान हाती आल्यावरही त्याची तुलना जाहिरातीतील आकड्याशी करू नये. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय या संस्थेचे जे प्रमाणपत्र विक्रेता दाखवितो, ते रुळांवर चाके फिरवून, वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे न नेता आणि एसी बंद ठेवून आजवर घेत आलेल्या चाचणीचे असते. सिंहगड रस्त्यावरील सायंकाळची गर्दी त्या चाचणीच्या स्वप्नातही नाही. शिवाय आज पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, आणि इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच ऊर्जा असते. निव्वळ पेट्रोलासाठी घडविलेल्या व दहा टक्के मिश्रणाला जुळवून घेतलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज या इंधनाने सहा ते सात टक्के घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालातच नमूद आहे. म्हणजे पंधराचे चौदा झाले तर तो रोग नव्हे, सरकारी धोरणाचा परिणाम आहे, आणि त्याचा लाभ आपल्याच ऊसपट्ट्यातील कारखान्यांना पोहोचतो म्हणून गाडीमालकाने त्याविषयी अवाक्षर काढू नये, असे मला मुळीच वाटत नाही. परंतु पंधराचे दहा झाले, तर मात्र कारण गाडीतच शोधले पाहिजे.

ते शोधताना आपल्याकडे सरळ बॉनेट उघडले जाते, ही दुसरी चूक. पुष्कळदा दोष इंजिनात नसून चाकांत असतो. टायरमधील हवा थंड स्थितीत मोजलेली असावी, आणि ती चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिलेल्या मानाइतकी असावी. पंक्चरवाल्याच्या अंगवळणी पडलेल्या आकड्याइतकी नव्हे. त्याहून फसवा प्रकार म्हणजे अडकलेला ब्रेक. कोकणात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची हँडब्रेकची तार गंजते, कॅलिपरच्या पिना कोरड्या पडतात, आणि ब्रेक सुटल्यासारखा वाटूनही डिस्कला किंचित घासत राहतो. इंजिन बिचारे रात्रंदिवस त्याच्याशी झगडत असते. फारसा ब्रेक न लावता काही किलोमीटर जाऊन थांबावे आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात न्यावा, टेकवू नये. एखादेच चाक इतरांहून अधिक धगधगत असेल तर इंजेक्टर साफ करण्याचा खर्च वाचला असे समजावे.

इंजिनाकडे वळल्यावर मी प्रथम थर्मोस्टॅटविषयी विचारीन, कारण तो काढून टाकण्याची खोड आपल्या गॅरेजांना जुनी आहे. उन्हाळ्यात गाडी तापू नये, या सद्हेतूने तो काढला जातो; परंतु मग इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही, संगणक त्याला अद्याप थंड समजून अधिक पेट्रोल सोडीत राहतो, आणि काटा निम्म्याच्या खाली रेंगाळताना पाहून मालक मात्र गाडी ‘थंड चालते’ म्हणून समाधानी असतो. याउलट ज्याच्यावर सर्वप्रथम आळ येतो तो मळका एअर फिल्टर कार्ब्युरेटरच्या काळी खरोखर अपराधी होता. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत आत येणाऱ्या हवेच्या मानानेच पेट्रोल सोडले जाते, त्यामुळे त्याने ओढ कमी होते, ॲव्हरेजला फारसा धक्का लागत नाही.

उरला स्कॅनर. त्याने ऑक्सिजन सेन्सरचा कोड दाखविला की सेन्सर बदलायचा, हा प्रघात पडला आहे. पण सेन्सर हा पुष्कळदा साक्षीदार असतो, आरोपी नव्हे. त्याच्या अलीकडे एक्झॉस्टला तडा गेला तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर प्राणवायू अधिक असल्याची प्रामाणिक साक्ष देतो, आणि संगणक त्या साक्षीवर विसंबून पेट्रोल वाढवितो. नवा सेन्सरही हीच साक्ष देणार.

हे सारे ओळखायला दोनेक तास शांतपणे बसणारा कारागीर लागतो. तो आपल्याकडे आहे. परंतु तपासाअंती त्याने केवळ दोन पिनांना ग्रीस लावले, तर एवढ्याशा कामाचे इतके पैसे कसले, म्हणून हुज्जत घालणारेही आपणच असतो, आणि पाचसहा हजारांचा सुटा भाग बसविणाऱ्याला निमूटपणे पैसे मोजतो. जॉबकार्डावर दोष कसा ठरविला याचा एक रकाना असावा आणि त्या शोधाची मजुरी, भाग बदलो वा न बदलो, आधी ठरवून वेगळी द्यावी. मिस्त्री ‘पाहून देतो, पाहण्याचे पैसे नकोत’ म्हणाला, तरीही ती द्यावी.